हलू नको, गुलफाम

अकोला
१८ ऑगस्ट २००६

प्रिय दुर्गे,

सिस्टर अगाथा सांगायच्या, पत्राच्या पहिल्या ओळीत हवापाणी लिहावं आणि दुसऱ्या ओळीत काम. हवापाणी असं, की गेली तीन वर्षं ज्या पावसासाठी सगळे तोंड वर करून बसले होते, तो आता थांबायचं नाव घेत नाही. शेजारच्यांच्या कपाशीत पाणी साचलं आहे.

आता काम. गुलफामच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागतं, म्हणून ती आणि तिचे गफ्फारसाहेब सध्या माझ्याकडेच राहतात. फोन केला असता, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं लावते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. माझी धाकटी तुला आठवतेच. आपण अमरावतीला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवर आठवीत होतो आणि ती दुसरीत. माझा हात सोडून तुझ्याच स्कर्टला धरून चालायची. आता एक्कावन्न वर्षांची आहे. पंचवीस वर्षं उर्दू प्राथमिक शाळेत शिकवलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. लोणच्याच्या बरणीकडे ती अशी बघते, जसं कोणी दुसऱ्याच्या अंगणातल्या झाडाकडे बघावं.

गेल्या जुम्म्याला म्हणाली, “बाजी, मला एकदा चिखलदऱ्याला ने. तो दगड बघायचाय.”

कोणता दगड, हे मी विचारलं नाही. सहल, १९६२ चा ऑक्टोबर, गवताचा तो माळ आणि मधोमध सपाट काळा दगड. सिस्टर आणि मी डबे घेऊन खाली उतारावर होतो. वर पाहिलं तर गुलफाम दगडावर दोन्ही हात पसरून उभी, आणि तिच्या निळ्या फ्रॉकवर फुलपाखरंच फुलपाखरं. पांढरी, पिवळी, काळ्या ठिपक्यांची. पोरगी जरासुद्धा हलत नव्हती. सिस्टरनी छातीवर क्रूस केला आणि म्हणाल्या, “देवानं हिला हात लावला.” अब्बांना त्यांनी स्वतः पत्र लिहून कळवलं होतं. त्या वर्षी अब्बा आम्हा दोघींना शाळेतून काढणार होते. त्या पत्रानंतर काढलं नाही. गुलफाम शिकली, ती त्या दगडामुळे.

तू त्याच जिल्ह्यात आहेस. एकदा जाऊन पाहशील का, ती जागा आहे का अजून? फुलपाखरं येतात का? डॉक्टर म्हणतात, फिरवायचं तर दिवाळी-ईदच्या आसपास फिरवून आणा. पुढचं ते काही बोलत नाहीत. मी विचारत नाही.

खुशालरावांना सलाम.

तुझी
जहाँआरा

—

वरूड
२ सप्टेंबर

प्रिय जहाँआरा,

पत्र दोनदा वाचलं. गुलफामचं वाचून हातातलं काम सुटलं. तिला माझा आशीर्वाद सांग. ती माझ्यापेक्षा मोठी बाई झाली असली तरी सांग.

आमच्याकडचं हवापाणी उलटं आहे. आता पाऊस आहे आणि झाडं नाहीत. बोअर सातशे फुटांवर कोरडी गेली तेव्हा अर्धा बगीचा वाळला. ती झाडं गेल्या उन्हाळ्यात तोडली. संत्र्याचं लाकूड जळताना गोड वास येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. उरलेल्या झाडांत हे दिवसभर फिरतात. बोलत नाहीत. फवारणीच्या औषधाची खोली मी कुलूप लावून ठेवते आणि किल्ली पदराला. गावातल्या सगळ्याच बाया हल्ली तसं करतात. कोणी कोणाला विचारत नाही.

जागा पाहून येते. बंडूची जीप आहे. आमचा बंडू आता माल वाहतो, आपला नाही, दुसऱ्यांचा.

त्या दिवसाचं तू लिहिलंस, तेवढं मला आठवत नाही. दगड आठवतो. मी तिच्याजवळ होते हेही आठवतं. बाकी धूसर आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली गं.

तुझी
दुर्गा

—

अकोला
१० सप्टेंबर

दुर्गे,

तू जाणार म्हटल्यावर गुलफाम उठून बसली. त्या दिवशी तिनं दोन घास जास्त खाल्ले.

तुला धूसर आठवतं आणि मला इतकं लख्ख, याचं नवल वाटलं. तू तर तिच्यापासून चार हातांवर होतीस! तुझी आठवण जागी व्हावी म्हणून सांगते: सहलीला आमच्या अम्मीनं गुलाबाचं सरबत दिलं होतं, पितळी फिरकीच्या तांब्यात. माझी खात्री आहे, ते गुलफामच्या फ्रॉकवर सांडलं असणार. फ्रॉक ओला दिसत होता, हे मला खालूनसुद्धा दिसलं होतं. फुलपाखरांना गोड आवडतं, हे तर लहान मूलही सांगेल.

म्हणून वरूडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ सरबताची बाटली दिली आहे. दगडावर शिंपडून बघ. ती आली तर गुलफामला नेताना दोन बाटल्या नेऊ. हसू नकोस.

जहाँआरा

—

वरूड
२८ सप्टेंबर

प्रिय जहाँआरा,

बाटली मिळाली. कंडक्टरनं, “बाई, यात काय हाय? दारू त नाही?” असं चार लोकांत विचारून मग दिली.

काल जाऊन आलो. हेही आले. बगीचा सोडून कुठं जात नाहीत, पण जीपमध्ये बसले. घाट चढताना एकदाच म्हणाले, “इथं पानी हाय.”

जागा सापडली. मला वाटलं होतं सापडणार नाही. कदाचित सापडू नये असंच वाटत होतं, कोण जाणे. पण गावाबाहेरच्या उतारावरून वळलो आणि समोर तोच माळ, तोच दगड. एवढासा आहे गं. आपण लहान होतो.

फुलपाखरू एकही नव्हतं. मी सरबत शिंपडलं. मुंग्या आल्या. आधी चार, मग चारशे, लाल डोंगळे. ह्यांनी पाहिलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. “संत्र्याच्या वक्ताले कोनी सरबत नाही शिंपडलं,” म्हणाले.

तिथं एक म्हातारे गवळी भेटले, शेषराव. पूर्वी त्यांच्या चाळीस म्हशी होत्या, आता दोन. त्यांना विचारलं, इथं फुलपाखरं येत होती ना? ते म्हणाले, “येत होती म्हन्जे? या गोट्यावर आमी म्हशीले मीठ चारत होतो. आठ दिवसातून एकदा, खडे मीठ. पावसानं वलं झालं का त्या तितल्या असा थर लावून बसत. म्हशी गेल्या, मीठ गेलं. आता काहून येतीन त्या?”

मीठ! मला काही समजलं नाही. फुलपाखरं मिठावर कशाला बसतील? म्हाताऱ्याची भूल असेल. तुझा लेक शाकीब विद्यापीठात किडेच शिकवतो ना? त्याला विचार.

फुलं मात्र खूप होती. जांभळी, पायाला लागतील इतकी.

दुर्गा

—

अकोला
५ ऑक्टोबर

दुर्गे,

रोजे चालू आहेत. गुलफामला मनाई आहे, तरी ती सहेरीला उठून बसते.

शाकीबला विचारलं. आपल्या दोघींनाही तो वेडं म्हणाला. गोड रस त्यांना फुलात मिळतो, पण फुलात मीठ नसतं. म्हणून ती ओल्या जागी उतरतात आणि सोंडेनं ओलीतलं मीठ शोषून घेतात. बहुतेक सगळे नर. कोरडं मीठ त्यांना पिता येत नाही, ओल लागते. चिखल, शेण, माणसाचा घाम, जिथं म्हशीनं मुतलं असेल ती जागा. “मौसी, गुलाबाच्या सरबतापेक्षा म्हैस बरी,” असं तुला कळवायला सांगितलंय त्यानं. आणि खुशालरावांना सांग म्हणे, की काळं-पिवळं फुलपाखरू दिसलं तर ते त्यांच्या ओळखीचंच आहे. संत्र्याची पानं खाणारी, पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते ना, तिचंच ते होतं.

म्हणजे शेषराव खरंच बोलले! दगडावर मीठ होतं, सरबतानं ते ओलं झालं, आणि गुलफाम त्यात उभी. मला इतका आनंद झाला. गुलफामला अजून सांगितलं नाही. तिला तिथंच दाखवू. ईद पंचवीसला धरली आहे, तुमची दिवाळी त्याच आठवड्यात. ती झाली की अठ्ठावीसला येतो. अकोट-परतवाड्यावरून चढू, तू तिकडून ये. शेषरावांना दोन दिवस आधी मीठ टाकायला सांगशील?

जहाँआरा

—

वरूड
१२ ऑक्टोबर

प्रिय जहाँआरा,

येऊ नका.

घाटातला रस्ता खचला आहे असं ऐकलं. थंडीही लवकर पडली आहे, गुलफामला सोसणार नाही. फुलपाखरं तर नाहीतच. एवढ्या लांब आणून तिला रिकामा दगड काय दाखवायचा? त्यापेक्षा तिच्या मनात आहे ते तसंच राहू दे.

दिवाळीची कामं आहेत. सवडीनं लिहीन.

दुर्गा

—

अकोला
३० ऑक्टोबर

दुर्गे,

ईद गेली, दिवाळी गेली. तुझ्या “सवडीनं” ची वाट पाहिली.

मला काही कळेनासं झालं आहे. शाकीबनं परतवाड्याला फोन करून विचारलं. रस्ता चांगला आहे. मग तू तसं का लिहिलंस? मी रात्रंदिवस जोड लावते आहे. आम्ही येणं तुमच्या घरात कोणाला नको आहे का? काळ बदलला आहे, मला समजतं. पण तू आमच्या घरी शीरखुर्मा पिऊन ओठांवर मिशा घेऊन बसायचीस, म्हणून माझा विश्वास बसत नाही.

मग दुसरा विचार येतो आणि पहिला बरा वाटायला लागतो. रोज पेपरात अमरावती जिल्ह्याचं पान उघडते. आधी गावाचं नाव वाचते, मग आडनाव. वरूड तालुका दिसला की अक्षरं हलायला लागतात. तू किल्लीचं लिहिलं होतंस. दुर्गे, खुशालराव बरे आहेत ना? एवढं एकच ओळीत कळव. बाकी काही विचारणार नाही.

गुलफाम विचारते, “दुर्गाताईंचं काय आलं?” मी म्हणते, टपाल उशिरा येतंय. परवा तिनं माझ्याकडे शाळेतल्या खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं पाहिलं.

हे पत्र रुबीना, माझी सून, लिहिते आहे, मी सांगते आहे. मला तो नवा ताप आलाय, सांधे धरणारा. बोटं वळत नाहीत.

जहाँआरा

—

वरूड
२ नोव्हेंबर

जहाँआरा,

हे बरे आहेत. एकदम बरे आहेत. शेषरावांच्या माळावरून आल्यापासून बोलतातसुद्धा. तुला पेपर उघडायला लावला, याची मला लाज वाटते. आपण सगळ्याच बाया एकच भीती घेऊन बसलोय, आणि मी ते विसरले.

तुझ्या घरच्यांचं येणं मला नको असेल, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. त्यानंच मला लिहायला बसवलं. हे पत्र रुबीनाकडून वाचून घेऊ नकोस. बोटं बरी झाली की स्वतः वाच.

सरबत सांडलं नव्हतं. तांब्या तुमच्याच हातात होता, खाली उतारावर.

मला काहीही धूसर नाही. गुलफाम दिवसभर माझ्या स्कर्टला लटकली होती. मला बाकीच्या मुलींबरोबर कड्यावर जायचं होतं. मी तिला दगडापाशी बसवलं आणि दगडामागं जाऊन वाघासारखी डरकाळी फोडली. ती घाबरून पळत तुझ्याकडे जाईल असं वाटलं होतं. ती पळाली नाही. जागच्या जागी फ्रॉक ओला केला. पुढून, मागून, सगळा.

मग मी घाबरले. सिस्टरना कळलं असतं तर माझं काय झालं असतं! पाणी जवळ नव्हतं. मी तिला उचलून उन्हात दगडावर उभं केलं, हात पसरायला लावले आणि म्हटलं, “हलू नको, गुलफाम. वाळेपर्यंत हलू नको. हललीस तर वाघ परत येईल.” ती हलली नाही. आणि मग ती फुलपाखरं आली.

ती का आली, हे मला कधीच कळलं नव्हतं. मलाही तो चमत्कारच वाटत होता. मी इतकी वाईट वागले आणि देवानं येऊन झाकून घेतलं, असा. शाकीबचं वाचलं तेव्हा कळलं. चिखल, शेण, घाम, म्हशीची जागा. मी पत्र हातात घेऊन चुलीपुढं बसून राहिले.

आता तू सांग, मी काय करायचं होतं? तिची सगळी शाळा त्या दगडावर उभी आहे, असं तूच लिहिलंस. मरणाच्या दारात असलेल्या बाईला तिथं आणून शाकीब सांगणार, मौसी, यांना मूत लागतं. ती काय मूर्ख आहे? तिला त्या क्षणी सगळं आठवेल. तिच्याजवळ एवढी एक वस्तू आहे, आणि ती मीच घाण केलेली आहे.

म्हणून रस्ता खचवला. दुसरं काही सुचलं नाही.

ह्यांना काल सांगितलं. ते म्हणाले, “मंग? लेकरू होतं थे. अन् तूबी लेकरूच होती.” मग थोड्या वेळानं, “ज्या अळीले मी तीस वर्षं दवा मारली, तिच्यासाठी तुमी दोघी मीठ घेऊन डोंगर चढून राहिल्या. मले त काही समजून नाही राह्यलं.” मलाही समजत नाही.

तू ठरव. तिला सांगायचं की नाही, यायचं की नाही. मी माफी मागत नाही, कारण ती तुझ्याकडे मागायची नाहीये.

दुर्गा

—

अकोला
११ नोव्हेंबर

दुर्गाताईंना गुलफामचा आदाब.

मराठी लिहायची सवय सुटली आहे, चुका सांभाळून घ्या.

तुमचं पत्र बाजीनं मला दिलं नाही. चार दिवस उशीखाली ठेवलं होतं. ती तापात, उशी मी बदलली, तर हे निघालं. मास्तरीण आहे मी. मुलांच्या उशा-दप्तरांतून पंचवीस वर्षं चिठ्ठ्याच काढल्या आहेत. माझं नाव दिसलं, वाचलं.

ताई, मी सात वर्षांची होते, वेडी नव्हते. माझा फ्रॉक कशानं ओला झाला हे मला माहीत नसेल का? तुम्ही दोघी मला काय समजता?

तुम्हाला वाटतं, तुम्ही माझ्यापासून काही लपवलं. मी तुमच्यापासून लपवत होते. सिस्टरनी सगळ्या शाळेपुढं उभं करून सांगितलं, देवानं हिला हात लावला. अब्बांनी मला मांडीवर घेतलं, त्याआधी कधी घेतलं नव्हतं. आणि मला एकच ठाऊक होतं, की मी त्या वेळी पाक नव्हते. मौलवीसाहेबांनी नुकतंच शिकवलं होतं, नापाक कपड्यात नमाज होत नाही. मग मला हात कसा लावला? मला वाटायचं, चूक झाली. दुसऱ्या कोणावर यायची होती ती कृपा, तिचा पत्ता चुकला आणि मी गप्प राहून घेतली. शाळा, नोकरी, गफ्फारसाहेबांसारखा नवरा, सगळं मी त्या दुसऱ्या मुलीचं वापरते आहे, असं वाटायचं. कोणाला सांगणार? बाजी तर ती गोष्ट शेजारणींना सांगून सांगून थकत नव्हती.

म्हणून मला तो दगड बघायचा होता. पाहायला नाही, माफी मागायला.

काल शाकीबला बसवून विचारलं. तो लाजत होता, मी म्हटलं, सरळ सांग. तो म्हणाला, मौसी, त्यांना तेच हवं असतं, त्यासाठी ती मैलभर उडत येतात. म्हणजे ताई, पत्ता चुकला नव्हता. ती फुलपाखरं माझ्याकडेच आली होती. माझ्याजवळ होतं ते त्यांना हवं होतं. इतकं साधं. मी रात्री हसत होते, तर गफ्फारसाहेब उठून दिवा लावून बघायला आले, की हिला काय झालं.

आता माझ्या अंगातलं मीठ अंगातच राहतं, बाहेर पडत नाही. मशीन काढतं. आज माझ्याकडे कोणी यायचं नाही. तरी मला यायचंय. बाजी तापामुळे येऊ शकणार नाही, शाकीब आणतो आहे. एकोणीसला, रविवारी.

एक राहिलं. वाघ तुम्ही होता, हे मात्र मला माहीत नव्हतं. शाळेच्या सहलीत मी मुलांना शेवटपर्यंत कधी मोठ्या दगडामागं जाऊ दिलं नाही. ते मी माफ करणार नाही. समोरासमोर बघू.

गुलफाम

—

वरूड
२१ नोव्हेंबर

प्रिय जहाँआरा,

शाकीबनं तुला सांगितलंच असेल, पण तो जीपपाशी उभा होता, त्याला अर्धंच दिसलं. आणि तू उरलेलं मनानं लावशील. म्हणून लिहिते. तुझी बोटं आता वळतात म्हणून कळलं. नसतील तर रुबीनाकडून वाचून घे, आता काही लपवायचं नाही.

मी आणि हे आदल्या दिवशीच गेलो होतो. खडे मिठाची थैली ह्यांनीच गोठ्यातून काढली, मी म्हटलंही नव्हतं. निरोप मिळाल्यापासून शेषरावांनीही दोन दिवस दगडावर आपलं मीठ टाकून पाणी शिंपडलं होतं आणि दोन्ही म्हशी तिथं बांधल्या होत्या. म्हशींनी आपलं काम केलं होतं. “पुरा बंदोबस्त हाय, बाई,” म्हणाले.

गुलफाम उतरली तेव्हा मी ओळखलं नाही. सुजलेले पाय, पिवळा चेहरा, अंगावर तुझी ती हिरवी शाल. तिनंच ओळखलं. “दुर्गाताई, तुम्ही म्हाताऱ्या झालात,” म्हणाली, आणि माझा हात धरला. स्कर्टला धरायची तसा, दोन बोटांनी.

माळ चढायला तिला खूप वेळ लागला. पाच पावलं चालायची, थांबायची. ह्यांनी आधी लाजत, मग न लाजता तिला आधार दिला. रस्ताभर संत्र्याच्या कलमांचं काही सांगत होते. त्यांना इतकं बोलताना मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

दगडापाशी चिखल होता, आणि चिखलावर फुलपाखरं होती, जहाँआरा. तू पाहिलीस तितकी नाही. तीस असतील, चाळीस असतील. पंख मिटून, सगळी एका दिशेला तोंड करून, अगदी गुपचूप. जवळ गेलो तरी उडाली नाहीत. हे खाली बसले आणि एका काळ्या-पिवळ्याकडे बघत राहिले. “हे माह्या झाडावरचं हाय,” एवढंच म्हणाले. पुष्कळ वेळ उठले नाहीत.

गुलफाम दगडावर बसली. शाल बाजूला केली, हात पसरला. एकही आलं नाही. मला वाटलं, आता रडेल. ती मला म्हणाली, “सांगितलं होतं ना, माझ्याकडे आता काही नाही.” अगदी हसून म्हणाली, जसं दुकानदारीण म्हणते, आज माल संपला.

मी चढून घामाघूम झाले होते. चपला काढून, दगडाकडे पाठ करून, तिच्याजवळ गवतात उभी होते. तेवढ्यात एक पांढरं आलं आणि माझ्या पायावर बसलं. भेगा पडलेल्या टाचेवर, जिथं घाम आणि माती एक झालेली. मग दुसरं. मग मनगटावर, बांगड्यांच्या खाली. सोंड उलगडून पितात तेव्हा इतकं बारीक लागतं, की आपल्याला लागलं की भास झाला ते कळत नाही.

“दुर्गाताई,” गुलफाम म्हणाली, “हलू नका.”

मी हलले नाही. तिनं मला हात पसरायला लावले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पदर खोचलेला, भर माळावर हात पसरून उभी. शेषराव तोंडावर गमछा धरून हसत होते. काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. चांगलं की वाईट तेही नाही. चार होती, मग सात झाली, मग मी मोजायचं सोडलं.

गुलफाम दगडाला धरून उठली. मला वाटलं, जीपकडे निघाली. पावलं माझ्या मागं गेली, हळूहळू, थांबत थांबत. मग काही वेळ काहीच ऐकू येईना.

आणि मग दगडामागून डरकाळी आली. कसली डरकाळी, खोकलाच होता अर्धा. त्या पोरीच्या अंगात आता आवाजही उरला नाही.

खोटं कशाला लिहू, जहाँआरा, मी घाबरले. डोळ्यांत पाणी आलं. ते गालावरून खाली ओघळलं, आणि एक पिवळं उडून तिथं येऊन बसलं.

पण मी हलले नाही. तिला विचार.

तुझी
दुर्गा